श्वसनाच्या विषाणूंवर वनस्पतींतली औषधं: सरकारने पैसा घालावा का?

रानवाट: घालावा, आणि सढळ हाताने. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर ज्या शिकिमिक आम्लापासून बनतं, ते आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलातून काढत आले आहेत. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन आलं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन सार्स या श्वसनरोगाचा विषाणू रोखतं, हे फ्रँकफर्टच्या संशोधकांनी २००३ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं. मग माणसांवरच्या मोठ्या चाचण्या कुठे अडल्या? मुळीवर पेटंट मिळणं अवघड, म्हणून कंपन्या हात आखडतात.

सूक्ष्मदर्शी: असहमत. चक्रीफूल उकळून प्यायल्याने फ्लू जात नाही, तो नुसता कच्चा माल. आणि पेट्रीडिशमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, विषाणू हरवणं सोपं असतं हो! क्लोरोक्वीननेही माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत कोविडचा विषाणू रोखला होता, माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत नाही. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. ज्येष्ठमध फार झालं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

परसबाग: आमच्याकडे कोकणात तापाला किराईताचा काढा ठरलेला. किराईत म्हणजे कालमेघ. थायलंड सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सौम्य कोविडसाठी त्यालाच मान्यता दिली. तेही खुळेच का?

सूक्ष्मदर्शी: खुळे नव्हेत, घाईत होते. तिथल्या एका चाचणीत कालमेघ घेतलेल्या २९ जणांत न्यूमोनिया कुणालाच झाला नाही, न घेतलेल्या २८ पैकी ३ जणांना झाला. हा फरक योगायोगाचा नाही, असं लिहिलं गेलं. फेरहिशोबात तो योगायोगानेही पडू शकतो असं निघालं आणि २०२१ मध्ये संशोधकांनी निबंध मागे घेतला.

रानवाट: अहो, मी तेच म्हणतोय! ५७ माणसांत काय कळणार? हजार-दोन हजार रुग्ण घ्या, अर्कात अँड्रोग्राफोलाइड, म्हणजे कालमेघातला मुख्य घटक, किती ते ठरवून द्या. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तर आयुष मंत्रालय म्हणालं, वनस्पतीच वेगळी असेल. पुडीत नेमकं काय आहे याचीच खात्री नसेल तर रुग्णाने कुणावर विसंबायचं?

सूक्ष्मदर्शी: अशा चाचणीला माझी ना नाही. पण निकाल येईपर्यंत 'प्रतिकारशक्ती वाढवते' असं छापून विकायला बंदी हवी. ते मान्य आहे का?

रानवाट: मान्य. काढा घरचा घरात राहू दे, डबाबंद दाव्याला पुरावा हवाच.

परसबाग: मला नाही मान्य. चाचणीला दहा वर्षं लागली, तर तोवर गावच्या वैद्यांनी काय करायचं?