सीसॅट (स्पर्धा परीक्षेतला कलचाचणीचा पेपर) : अटींवरचे प्रश्न सारखे चुकतायत, मदत हवी आहे

कंदील
'पुरेशी अट' आणि 'आवश्यक अट' वाले प्रश्न हमखास चुकतात. नोट्समध्ये नुसत्या व्याख्या आहेत (पुरेशी : ती असली की गोष्ट होतेच; आवश्यक : ती नसली की गोष्ट होतच नाही), त्या पाठ आहेत. कालच्या टेस्टमधला प्रश्न : ग्रंथालयाचं कार्ड असेल तर पुस्तक घरी नेता येतं. मीनलकडे कार्ड आहे. मी 'मीनल पुस्तक घरी नेऊ शकते' यावर खूण केली, तर उत्तरसूचीत चूक! कसं काय? लवकर सांगा, रविवारी पुढची टेस्ट आहे.

निवांत
परीक्षा कुठली? पर्याय कुठेत? आम्ही काय मनकवडे आहोत?

कंदील
राज्यसेवा पूर्व, अजून कुठली. उत्तर 'निश्चित सांगता येत नाही' असं दिलंय. बाकीचे पर्याय आठवत नाहीत.

सह्याद्रीवारा
अहो, सीसॅट पात्रतेपुरताच आहे. ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६. उतारे नीट सोडवले की काम झालं. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, तेव्हा हे प्रश्न सोडूनच द्या. माझं तसंच निघालं.

कंदील
सोडून द्यायचे असते तर धागा कशाला काढला असता?

गणितमास्तर
तुम्ही लिहिलंय तसंच वाक्य असेल तर तुम्ही बरोबर आणि उत्तरसूची चूक. मला शंका आहे. मूळ वाक्य जसंच्या तसं टाका.

कंदील
'ग्रंथालयाचे कार्ड असेल तरच पुस्तक घरी नेता येते.' झालं समाधान? एका 'च'ने काय बिघडतं?

गणितमास्तर
सगळंच. बाण काढा, म्हणजे 'हे असेल तर ते असणारच'. 'तर' असेल तेव्हा बाण कार्डाकडून पुस्तकाकडे. 'तरच' आलं की बाण फिरला : पुस्तक घरी गेलं, म्हणजे कार्ड आहेच. कार्ड नाही, म्हणजे पुस्तक नाही. कार्ड असूनही मीनलचा दंड थकला असेल, किंवा तिला हवं ते पुस्तक संदर्भ विभागातलं असेल. वाक्य त्याबद्दल काहीच बोलत नाही.
संख्या घेऊन बघा. ४ ने भाग जाणं हे सम असायला पुरेसं आहे, पण आवश्यक नाही. ६ सुद्धा सम आहे. उलट, सम असणं हे ४ ने भाग जायला आवश्यक, पण पुरेसं नाही.

वर्तुळवाली
बाण घाईत उलटा पडतो आणि पडलेला कळतही नाही. सरळ वर्तुळं काढा. कार्डवाले मोठ्या वर्तुळात, पुस्तक नेणारे त्याच्या आतल्या छोट्यात. मीनल मोठ्यात आहे एवढंच माहीत आहे. संपलं.

गणितमास्तर
चार अटींची साखळी आली की काढत बसा वर्तुळं. वेळ कोण देणार?

वर्तुळवाली
साखळी म्हणजे वर्तुळात वर्तुळ. पाच सेकंद लागतात.

शास्त्रीबुवा
हे सगळं न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, केव्हाच सांगून झालंय. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहेच. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात कुठे असतो धूर? धुराला ओलं इंधनही लागतं. अशा जास्तीच्या अटीला उपाधी म्हणतात. मूळ ग्रंथ वाचा.

निवांत
बुवा, त्याची रविवारी टेस्ट आहे.
कंदील, तुम्ही एकटे नाही. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी चार पत्ते मांडले होते : ई, के, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक. नियम तपासायला कोणते उलटाल? बहुतेक जण ई आणि ४ म्हणतात. ई बरोबर, पण ४ च्या मागे काहीही असो, नियम मोडत नाही. त्याऐवजी उलटायचा असतो ७, कारण त्यामागे स्वर निघाला तर नियम गेला.

कंदील
बरं. मग 'शिवाय'चं काय? 'सरावाशिवाय निवड होत नाही. राहुलची निवड झाली नाही.' म्हणजे त्याने सराव केला नाही ना?

वर्तुळवाली
नाही! सराव करणारे मोठ्या वर्तुळात, निवडलेले आतल्यात. राहुल आतल्यात नाही, बस. मोठ्यात असेलही, नसेलही.

गणितमास्तर
उत्तर बरोबर. 'शिवाय' दिसलं की मनात 'तरच' वाचा : सराव असेल तरच निवड. बाण निवडीकडून सरावाकडे.

सह्याद्रीवारा
टेस्ट सिरीज कुठली लावलीय? फी किती पडली?