विषय: ऑशकॉशला छोट्या विमानाने, मुलं आणि सासूबाईंना घेऊन

मडगावहून, दोन मुलांची आई

काका, नमस्कार. मंडळातल्या सगळ्यांनाही.

आम्ही चवथीला मडगावला घरी आलोय, रविवारी परत शिकागोला निघतो. ह्यांच्या एका मित्राकडे विमान चालवायचं लायसन आहे. त्याच्या क्लबचं चार सीटचं सेस्ना आहे. पुढच्या जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या एअरशोला तो आम्हाला त्यातून नेतो म्हणतो. मुलं आठ आणि बारा वर्षांची. ऐकल्यापासून दोघं त्याच एका गोष्टीवर बोलताहेत.

इथे घरात मात्र वातावरण वेगळं आहे. सासूबाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "रिक्षाएवढं विमान, त्यात माझी नातवंडं बसणार नाहीत." तुम्ही यंदा लेक-जावयाबरोबर असंच गेला होतात असं कळलं. खरं काय ते तुम्हीच सांगा. मला माहीत नाही अशा गोष्टीवर मुलांना हो म्हणायला मन धजत नाही.

चिखलीचे काका

बाय, तुझा मेल सकाळी वाचला. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं अजून उतरवायची आहेत, पण तू रविवारी जाणार म्हणून हे आधी लिहितो.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस. मी तीस वर्षं नौदलात विमानांच्या सांगाड्याचं काम केलं, बरीचशी इथेच दाबोळीला नौदलाच्या हंसा तळावर आणि दोन खेपा विराट या विमानवाहू जहाजावर. १९८३ च्या डिसेंबरात नौदलाची पहिली सी हॅरियर लढाऊ विमानं दाबोळीला उतरली तेव्हा मी नवखा होतो. विमान तयार आहे अशी सही आम्ही करायची आणि वर दुसऱ्याने जायचं, ही आमची नोकरी. त्यामुळे जावयाच्या सेस्नाकडेही मी आधी मेकॅनिकच्याच नजरेने पाहिलं. विमान लहान आहे हे त्याचं दुखणं नव्हे. त्यात काय आणि किती भरता, आणि कुठल्या दिवशी निघता, यावर सगळं आहे.

आधी सीटचं सांगतो. चार सीट म्हणजे पायलट धरून चार. तू, तुझे यजमान, दोन मुलं आणि तो मित्र, हे इथेच पाच झाले. आणि चार सीट आहेत म्हणून चार मोठी माणसं, भरलेली टाकी आणि सगळं सामान मावतं असंही नाही. आमचं सेस्ना १७२ एस जातीचं होतं. ते उडताना जास्तीत जास्त २,५५० पाउंड चालतं, म्हणजे साधारण ११५७ किलो. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं आणि दोन्ही टाक्या भरल्या, की माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलोसुद्धा उरत नाहीत. पेट्रोलच एकशे चव्वेचाळीस किलोंच्या आसपास असतं. म्हणून जावयाने टाक्या अर्ध्याहून थोड्या वर ठेवल्या आणि वाटेत एका लहान विमानतळावर उतरून पुन्हा भरल्या. मला, लेकीला आणि नातीला त्याने बुटांसकट वजनकाट्यावर उभं केलं. तंबू, पाण्याच्या बाटल्या, लाडवांचा डबा, सगळं वहीत लिहिलं. वजन किती एवढंच पाहून भागत नाही, ते कुठे ठेवलंय तेही पाहावं लागतं. मागे जास्त झालं तर विमानाचा तोल जातो आणि ते वर जाऊन कळून उपयोग नाही. त्याने लाडवांचा डबा मागून काढून नातीच्या पायाशी ठेवला, तेव्हा मला बरं वाटलं.

आमच्या हिच्या गुडघ्यांना पंखाखालच्या त्या पायरीवर चढणं जमण्यासारखं नव्हतं. ती शेजाऱ्यांच्या गाडीतून तीन तासांत ऑशकॉशला पोचली, जड सामानही गाडीतूनच गेलं. सासूबाईंना हे सांग. गाडीने जाऊन तिथे भेटण्यात कमीपणा काही नाही, उलट पाऊस आला तर गाडीच कामाला येते. मुलांपैकी एकाने जाताना विमानातून यावं, दुसऱ्याने येताना.

आता ऑशकॉशला पोचण्याचं. १९५३ मध्ये मिलवॉकीला पॉल पोबरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना सुरू केली. तिचाच हा मेळा, १९७० पासून ऑशकॉशला भरतो. जुलैच्या शेवटच्या दिवसांत तिथे दहा हजारांवर विमानं येतात. एवढी विमानं उतरवायची तर रेडिओवर प्रत्येकाशी बोलत बसणं शक्य नाही. म्हणून सगळ्यांनी रिपन गावाशी यायचं आणि तिथून रेल्वेचे रूळ धरून फिस्क गावाकडे जायचं. एकामागे एक, मध्ये अर्धा मैल, उंची १८०० फूट, वेग ९० नॉट्स. ज्यांना एवढं सावकाश जमत नाही त्यांना २३०० फूट आणि १३५ नॉट्स. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. जमीनच आठशे फुटांवर आहे, म्हणजे खाली हजारच फूट राहतात आणि रुळांचे स्लीपर दिसतील की काय असं वाटतं.

फिस्कला कंट्रोलर जमिनीवर दुर्बिणी घेऊन उभे असतात. ते नंबर विचारत नाहीत. विमानाचा रंग आणि जात सांगतात आणि म्हणतात, पंख हलव. पायलटने तोंडाने उत्तर द्यायचं नाही, पंख हलवायचे. आमची पाळी आली तेव्हा जावयाने पंख असे हलवले की नातीने माझा हात घट्ट धरला. मग कुठली धावपट्टी ते सांगतात. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात आणि प्रत्येकाला एक ठिपका देतात. आमच्या पुढचं विमान त्याच पट्टीवर लांबच्या ठिपक्यावर उतरत होतं, आम्हाला अलीकडचा दिला होता. दाबोळीला माझ्या सबंध नोकरीत एका पट्टीवर एका वेळी एकच विमान पाहिलेलं. मी श्वास रोखून बसलो होतो, हे खरं सांगतो.

मुलांसाठी एवढं लक्षात ठेव: रिपनपासून चाकं टेकेपर्यंत विमानात कुणी एक शब्द बोलायचा नाही, फक्त दुसरं विमान दिसलं तर सांगायचं. नातीला जावयाने घड्याळाचे आकडे शिकवले होते. नाक म्हणजे बारा, उजवा पंख म्हणजे तीन. तिने "दोन वाजता, आपल्याखाली, पिवळं" असं दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तिथे विमान होतं. दहा वर्षांच्या मुलीचे डोळे आमच्याहून तेज. मुलांना असं काम द्या, म्हणजे भीतीला जागा उरत नाही. लहान मापाचे हेडसेट आधीच बघून ठेवा. निघा सकाळी, दुपारी जमीन तापली की खालच्या हवेत फार धक्के बसतात आणि पोटात ढवळतं. आत संडास नाही, हे मुलांना आदल्या दिवसापासून सांगा.

तिथे पोचल्यावर मला जे वाटलं ते लिहायला शब्द शोधतोय. विमान गवतावर लावायचं, आपण आणलेल्या खुंट्या ठोकून बांधायचं आणि त्याच्याच पंखाशेजारी तंबू टाकायचा. डावीकडे एक जोडपं होतं, त्यांचं विमान माझ्याहून वयाने मोठं. दुसऱ्या दिवशी घरी बांधलेल्या विमानांकडे गेलो. एका निवृत्त शिक्षकाने आपल्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं खपून विमान केलं होतं. मी पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं, रिवेटची ओळ तपासायची जुनी सवय. तो जवळ आला. मला वाटलं, हात लावू नका म्हणेल. त्याने विचारलं, कुठली ओळ वाकडी वाटली? मी दाखवली. तो हसला, म्हणाला, ती पहिल्या वर्षाची. मग त्याने नातीला आत बसवून दांडा हलवायला दिला आणि पंखावरची पट्टी वरखाली का होते ते तिला दाखवलं.

माझी स्वतःची मुलं मांगोरला वाढली. हॅरियर उतरताना घरातली भांडी वाजायची. बाबा त्या भिंतीपलीकडे काम करतात एवढंच त्यांना माहीत होतं. लष्करी तळ तो, तसं असणं बरोबरच होतं, माझी तक्रार नाही. पण लेकीला विमानाच्या सांध्यात हात घालून दाखवणं मला जमलं ते ती चाळिशीला आल्यावर, विस्कॉन्सिनच्या गवतावर.

जमेल तर मुलांना न्याच. १८ वर्षांपर्यंत प्रवेश मोफत आहे. मुलांसाठी वेगळा भाग आहे, तिथे त्यांना हातात हत्यारं देऊन रिवेट मारायला शिकवतात.

मडगावहून

काका, तुमचा मेल मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

रात्री मित्राला फोन केला. तो म्हणाला, हवामानाची काळजी नको, जुलैत आकाश मोकळंच असतं. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघू आणि काहीही झालं तरी रविवारी रात्री घरी पोचू, कारण सोमवारी त्याची महत्त्वाची मीटिंग आहे. क्लबचं भाडं आणि पेट्रोल आम्ही द्यायचं, विमान चालवायचे त्याचे पैसे नकोत. मला ठीक वाटलं. तुम्हाला?

काकांची लेक, इलिनॉयहून

बाबा झोपले असतील, म्हणून मी लिहिते.

पैशांचं आधी. इथल्या नियमाप्रमाणे खासगी लायसनवाल्याला भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. पेट्रोल, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं वाटून घेता येतं, पण त्यात पायलटने निदान आपला समान हिस्सा भरलाच पाहिजे. चौघं असाल तर पाव खर्च त्याचा. सगळा तुम्ही दिलात तर अडचणीत तो येईल.

आणि बाबांनी एक गोष्ट लिहिली नाही. गुरुवारी रात्री तिथे वादळ आलं. वीज, वारा, तंबू आडवे. आम्ही सगळे गाडीत आणि शेजाऱ्यांच्या व्हॅनमध्ये गेलो. बाबा येईनात. रेनकोट घालून ते विमानांच्या रांगेत दोर तपासत फिरत होते, आमचे झाले, मग शेजारच्या जोडप्याचे, मग पुढचे. विजा जवळ आल्या तेव्हा त्यांना हाताला धरून आणावं लागलं. सकाळी लोक येऊन विचारत होते, ती गाठ कुठली मारली होती? बाबांनी नातीलाच ती मारून दाखवायला सांगितली.

चिखलीचे काका

बाय, लेकीने लिहिलं ते झालं खरं. पण विजेत उघड्यावर थांबलो ही माझी चूक होती आणि तिने मला नेलं हे बरोबर केलं. मुलांना तसंच सांग.

आता तुझ्या प्रश्नाचं. "काहीही झालं तरी रविवारी रात्री घरी" हे वाक्य वाचून मला झोप लागली नाही.

आम्ही शनिवारी निघणार होतो. डबे भरलेले, वजनं लिहिलेली, हँगरचं दार उघडलेलं. जावयाने टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढलं, फिकट निळं, पाण्याचा थेंब नाही. इंजिन, पंखा, टायर, सगळं ठीक. विमानात दोष नव्हता. पण विस्कॉन्सिनवर गडगडाटी ढगांची रांग होती आणि ती दुपारपर्यंत रिपनवर येणार होती. त्याने दहा मिनिटं फोनवर हवामान पाहिलं, एकदा कुणाशी बोलला आणि हँगरचं दार परत ओढलं. नात रडली. लेक म्हणाली, थोडं बाजूने जाता येणार नाही का? तो म्हणाला, बाजूने जाऊन परतायची वाट बंद झाली तर? रविवारीही निघालो नाही. मंगळवारी निघालो. परतताना शनिवारचे रविवार झाले.

त्या शनिवारी दार ओढताना पाहिला तेव्हापासून त्याच्याबरोबर कुठेही जायला मी तयार आहे. नौदलात मी फार चांगले पायलट पाहिले. सगळ्यांनाच विमान चालवता येतं. समोर आपली माणसं आशेने बघत असताना "आज नाही" म्हणणं त्याहून अवघड. आणि खाली मीटिंग वाट पाहत असेल तर ते आणखी अवघड होतं. जुलैत तिथे आकाश मोकळंच असतं हे बरोबर नाही, उन्हाळी दुपारची वादळं तिथे नेहमीची. आपल्याकडे वैशाखात ढग कसे चढतात ते तुझ्या सासूबाईंना ठाऊक आहे, त्यांना विचार.

तो मुलगा वाईट नाही, मित्रप्रेमानेच म्हणतोय. त्याला सरळ सांग की सोमवारची आणि मंगळवारचीही सुट्टी काढ. गाडी बरोबर असू दे, म्हणजे हवा बिघडली तर विमान तिथेच बांधून सगळे गाडीने परत येतील आणि तो नंतर जाऊन विमान आणेल. हे त्याने मनापासून मान्य केलं तर मुलांना बसव. कुरकुर केली तर सगळ्यांनी गाडीने जा, मेळा तोच आहे. आणि आधी एकदा त्याच्याबरोबर जवळच्या जवळ अर्धा तास तू एकटी जाऊन ये. तो उडण्याआधी यादी वाचतो की पाठ आहे म्हणतो, हे बघ.

रविवारआधी एक दिवस मुलांना घेऊन इकडे ये. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. बाहेर पावसात अलिझे उभं आहे, सी हॅरियर आहे, आणि एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलेलं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन आहे. जहाजावर जागा वाचवायला अलिझेचे पंख कुठे घडी होतात, ते मुलांना दाखवीन. सासूबाईंनाही आण, त्यांना कुठेही चढावं लागणार नाही. मडगावहून वास्कोच्या बसने चिखलीला उतरा, मी छत्र्या घेऊन नाक्यावर उभा राहतो. दोर माझ्याकडे आहे, ती गाठ मुलांना शिकवतो.

आणि येताना प्रत्येकाचं वजन एका कागदावर लिहून आणा. बुटांसकट, खरं.