मदत हवी आहे: चौथीच्या शिष्यवृत्तीची तयारी, तीही जोडवर्गात

नमस्कार. शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीकडे आली आहे. आमची जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. 2016-17 पासून ही परीक्षा पाचवीला होती, म्हणजे आमच्या मुलांना ती दुसऱ्या शाळेत गेल्यावर भेटायची. आता जबाबदारी आमची आहे आणि ती मनापासून पार पाडायची आहे. खेड्यातल्या मुलाला अशी संधी वारंवार मिळत नाही.

पाचवीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, पण त्यातलं बरंच गणित चौथीच्या पुढचं आहे. 2016 आधीच्या चौथीच्या प्रश्नपत्रिकाही आणल्या. त्यांचा साचा आजच्या दोन पेपरांशी जुळत नाही. भाषा आणि इंग्रजी वर्गातच होतं. खरी अडचण बुद्धिमत्ता चाचणीची: दुसऱ्या पेपरातल्या 75 पैकी 50 प्रश्न तिचे, आणि पाठ्यपुस्तकात तिला जागाच नाही. आरशातील प्रतिमा, सांकेतिक भाषा, वेन आकृत्या मुलं पहिल्यांदाच पाहतात. 90 मिनिटांत पेपर सोडवून उत्तरपत्रिकेवर योग्य पर्यायाचे गोळे रंगवण्याची सवयही नाही.

तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र आहेत. शाळेनंतर जादा तास शक्य नाही, मुलं लांबच्या वाड्यांवरून चालत येतात. पालकांवर पुस्तकांचा खर्च टाकायचा नाही. घरोघरी स्मार्टफोन नाहीत, त्यामुळे ऑनलाइन सराव सुचवू नये.

जोडवर्गात हे केलेल्यांनी कृपया सांगावं: बुद्धिमत्तेचे घटक कोणत्या क्रमाने घेतले, तिसरीपासूनच सुरू केले का, आणि उत्तरपत्रिकेचा सराव नेमका कधी आणला?