६/८ मध्ये मधेच तीनचा झोल: ठेका बदलायचा की दादराच धरायचा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी सोलापुरात भजनी मंडळात तबला वाजवतो. आता एका कीबोर्डवाल्या मित्राबरोबर त्याची एक रचना बसवतोय. त्याच्या कागदावर ६/८ (एका बारमध्ये, म्हणजे आवर्तनात, सहा एट्थ नोट) लिहिलंय आणि टिंबाचा क्वार्टर नोट = ६०. म्हणजे मिनिटाला मोठे ठोके ६०, प्रत्येकात तीन एट्थ, एकूण १८० मात्रा. ३+३ म्हणून मी दादरा (सहा मात्रांचा ताल) लावला, धा धी ना, धा ती ना. छान बसतो.

अडचण नवव्या ते बाराव्या बारमध्ये आहे. एट्थ सहाच, वरचा आकडाही ६/८ च, पण सुरांचे आघात १, ३, ५ वर पडतात. २+२+२, म्हणजे कानाला थेट ३/४. माझा दुसरा 'धा' चौथ्या मात्रेवर येतो, तिथे कीबोर्डचा आघातच नसतो. दोघंही सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चुकतो.

करून पाहिलेलं: टाळी देऊन मोठ्याने मोजलं, मेट्रोनोम सहाही एट्थवर लावला, लय निम्मी केली. संथ लयीत जमतं, मूळ लयीत पुन्हा फिसकटतं. लिहिलेले सूर बदलायचे नाहीत आणि साथीला फक्त तबलाच आहे. पाश्चात्त्य नोटेशन मला हळूहळू वाचता येतं, तेव्हा तसं लिहिलंत तरी चालेल.

ज्यांनी अशी साथ केली आहे त्यांना विचारायचंय: त्या चार बारमध्ये दादरा तसाच चालू ठेवून ओढाताण ऐकू येऊ द्यावी, की मीही २+२+२ चे बोल घ्यावेत? आणि घ्यायचे तर तेराव्या बारच्या समेवर दादऱ्यात परत कसं यायचं?