कर्नल उपकरणांचा शोध ‘लावतो’ की ‘घेतो’?

प्रश्न: आभासी यंत्रांवर (संगणकात सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकांवर) मराठीत टिपण लिहितोय. ‘कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू होताना हार्डवेअर उपकरणांचा शोध लावतो’ असं लिहिलं, तर मिरजेच्या मित्रानं त्याखाली लाल रेघ मारली. मग या कामाला, इंग्रजीतल्या ‘डिस्कव्हरी’ला, म्हणायचं काय?

उत्तर: रेघ बरोबर आहे. ‘शोध लावणे’ म्हणजे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं ते पुढं आणणं. इथं उपकरण आधीच जोडलेलं असतं. ते कुठं आहे आणि कोणतं, एवढंच कर्नलला कळायचं असतं. ‘शोध घेतो’ म्हणा, चूक सुटेल. पण अर्थ तरी अर्धाच येतो, कारण या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी चालतात.

पहिली पीसीआय बसवरची, म्हणजे उपकरणं जोडायच्या सामाईक मार्गावरची. एका बसवर ३२ जागा. कर्नल एकेका जागेला विचारत जातो. जागा रिकामी असेल तर ‘एफएफएफएफ’ वाचायला मिळतं, भरलेली असेल तर उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक. आभासी यंत्रात हे उत्तर हायपरव्हायजर (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) देतो. ‘१एएफ४:१०४१’ आलं की व्हर्टआयओचं (आभासी उपकरणांसाठी ठरवलेल्या प्रमाणाचं) नेटवर्क कार्ड, १०४२ आलं की डिस्क. या मोजणीला आपल्याकडं नेमका शब्द आहे: खानेसुमारी. जनगणनेला पूर्वी हेच म्हणत. ‘खाना’ घरालाही लागतो, कप्प्यालाही. आणि पीसीआयच्या जागा म्हणजे कप्पेच.

दुसरी गोष्ट बस नसलेल्या उपकरणांची. व्हर्टआयओचाच एमएमआयओ प्रकार मेमरीतल्या एका पत्त्यावर गप्प बसून असतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) पाहिलेल्यांना हे लगेच उमजेल. तोंड मातीनं बुजवलं की वरून सगळी जमीन सारखी. कुठं खणायचं ते ठाऊक असलेल्यानंच सांगावं लागतं. कर्नललाही तसंच सांगतात: एआरएम प्रोसेसरवर बहुधा डिव्हाइस ट्रीमधून (उपकरणांच्या तयार तपशिलातून), एक्स८६ प्रोसेसरवर कमांड लाइनमध्ये (कर्नल सुरू करताना दिलेल्या ओळीत) आकार, पत्ता आणि इंटरप्ट (उपकरणानं प्रोसेसरला द्यायचा इशारा) क्रमांक लिहून. मग तो त्या पत्त्यावरचे पहिले चार बाइट वाचतो. त्यातून ‘व्ही-आय-आर-टी’ ही अक्षरं निघाली तर जागा खरी. माझ्याकडून एकदा पत्त्यातलं एक शून्य सुटलं, आणि डिस्क जागच्या जागी असूनही कर्नल ‘रूट (मुख्य फाइल प्रणाली) मिळत नाही’ म्हणून थांबला. याला शोध म्हणणं मला पटत नाही. ही वर्दी आहे.

प्रश्नकर्ता: वर्दी म्हटल्यावर पोलिसांचा गणवेश नाही का आठवणार?

उत्तर: तो हिंदीतला अर्थ. आपल्याकडं आग लागली की अग्निशमन दलाला वर्दी जाते, कृष्णेचं पाणी चढलं की गावात वर्दी येते. ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत पोचवलेली खबर, हाच अर्थ इथं हवाय. हिंदीच्या धाकानं आपला शब्द सोडू नका.

आणखी एक वाचक: दोन्हींना मिळून ‘चाचपणी’ का नको?

उत्तर: चाचपणी अंधारात होते. पीसीआयच्या आधीच्या, जुन्या आयएसए बसवरच्या कार्डांसाठी कर्नल खरोखरच पोर्ट चाचपायचा, आणि भलत्याच ठिकाणी हात लागला तर यंत्र गोठायचं. तो शब्द त्या कामाला राखून ठेवावा. ड्रायव्हरमधल्या ‘प्रोब’लाही तो लावू नये, तिथं उपकरण हाती आलेलं असतं, ते आपल्याला चालवता येईल का एवढंच ड्रायव्हर बघतो. त्याला मी ‘पारख’ लिहितो.