गेटच्या नोंदवहीतील एक नोंद आणि कर्जाविषयीची आपली चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. परवा रात्री दोन गृहस्थ गेटवर आले, नोंदवहीत 'कामाचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी 'वसुली' असे लिहिले आणि वॉचमनसमोर, खाली खेळणाऱ्या मुलांच्या देखत, एका सभासदाच्या थकबाकीचा आकडा मोठ्याने सांगितला. तो आकडा या ग्रुपवर कोणीही लिहू नये, ही कळकळीची विनंती.

सी-२०३ : ते माझ्याकडेच आले होते, हे आता लपवत नाही. नोकरी गेल्यावर दोन क्रेडिट कार्डे आणि एक वैयक्तिक कर्ज थकले. एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डावरून भरत राहिलो आणि तिथेच फसलो. आता नवी नोकरी मिळाली आहे, पगार ४०,००० रुपये आहे, पण हप्त्यांची बेरीज त्याहून जास्त होते. मित्र म्हणतो, घर पत्नीच्या नावावर कर आणि सरळ दिवाळखोरी जाहीर कर. वकील काकू, असे करता येते का? आणि मला अटक होईल का?

बी-५०१ : तुम्ही स्वतःहून बोललात, हे फार बरे केलेत. आधी अटकेचे सांगते, कारण झोप त्यानेच उडते. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे द्या असा न्यायालयाने दिलेल्या निकालाच्या, अंमलबजावणीत कैदेची तरतूद कागदावर आहे, परंतु ऐपत असूनही जो लबाडीने पैसे देत नाही त्याच्यासाठीच ती आहे, केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

अपवाद चेकचा आहे. तुम्ही सही करून दिलेला चेक न वटता परत गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेकसारख्या कागदांविषयीच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली तो गुन्हा ठरतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुप्पट दंड होऊ शकतो. नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले, तर तो खटला उभा राहत नाही. बँकेतून आपोआप वळता होणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर त्यालाही पैसे वळते करण्याच्या व्यवहारांविषयीच्या २००७ च्या कायद्यात अशीच तरतूद आहे. म्हणून तुमच्याकडे न उघडलेली पाकिटे पडून असतील तर ती आज उघडा.

सी-२०३ : काकू, एक पिशवी भरून पाकिटे आहेत. दिवाळखोरीचे काय?

बी-५०१ : २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली, तिच्यात सामान्य माणसासाठी वेगळा भाग आहे, पण तो आजवर केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांना अजून इंग्रजांच्या काळातलेच कायदे आहेत. मुलुंड चेकनाक्यापलीकडे मुंबईत राहत असतो तर १९०९ च्या कायद्याने मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले असते. आपण ठाण्यात आहोत, म्हणून १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालय. अर्ज मंजूर झाला की जप्तीपासून वगळलेल्या वस्तू सोडून तुमची मालमत्ता न्यायालयाच्या रिसीव्हरकडे, म्हणजे ती ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते, आणि कर्जातून मुक्तीचा आदेश होईपर्यंत कंपनीचे संचालकही होता येत नाही. पोटगीचे देणे तर त्या आदेशानंतरही सुटत नाही. हा शेवटचा दरवाजा आहे, आणि नवी नोकरी लागलेल्या माणसाने आधी तो ठोठावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर पत्नीच्या नावावर करण्याचा सल्ला मात्र घातक आहे. दिवाळखोर ठरण्याआधीच्या दोन वर्षांत केलेले असे बक्षीसपत्र रद्द करता येते, आणि प्रामाणिकपणे अडचणीत आलेला माणूस त्या एका कागदामुळे लबाड दिसू लागतो. तसे काहीही करू नका.

ए-१०२ : ताई, पगार जप्त होतो का? आणि मी एका नातलगाला पतसंस्थेत जामीन राहिलो आहे, मला काही धोका आहे का?

बी-५०१ : काका, पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश रकमेला हात लावता येत नाही. म्हणजे ४०,००० पगारातून, तोही दावा चालून हुकूमनामा झाल्यावरच, महिन्याला जास्तीत जास्त १३,००० रुपये कापले जातील. भविष्यनिर्वाह निधी, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि मंगळसूत्र यांवर जप्ती येत नाही.

जामिनाचे मात्र गांभीर्याने घ्या. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी कर्जदाराकडून वसूल करा असे पतसंस्थेला सांगता येत नाही. तिला दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे थांबावेही लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की जप्ती सुरू होऊ शकते. नातलगाचे हप्ते भरले जातात का, ते पासबुक मागून दर महिन्याला पाहा. त्यात संकोच करू नका, सही तुमची आहे.

सी-२०३ : मग मी आता नेमके काय करू?

बी-५०१ : नवे कर्ज काढून जुने फेडणे आजपासून बंद करा, मोबाइलवरच्या ॲपचे तर अजिबात नको. घरखर्च वजा जाता महिन्याला किती देऊ शकता, ते पत्नीसोबत बसून ठरवा आणि प्रत्येक बँकेला नोकरी गेल्याचा पुरावा जोडून हप्ते कमी करण्याची मागणी लेखी करा. फोनवरच्या आश्वासनाला किंमत नसते. तडजोडीची रक्कम ठरली तर बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नका. तडजोडीची नोंद पतअहवालात राहील आणि पुढचे कर्ज अवघड होईल, हेही समजून घ्या. देणे जुने असेल तर कोणत्याही कागदावर सही करण्याआधी मला दाखवा, कारण कर्जवसुलीच्या दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी कर्ज लेखी मान्य केले की नव्याने मोजली जाते. लवादाची, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या व्यक्तीची, नोटीस आली असेल तर तीही बाजूला ठेवू नका. वाद असलेल्या पक्षाने एकट्यानेच लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. ती हरकत वेळेत लेखी घ्यावी.

सचिवसाहेब, नोंदवहीत त्या दोघांची वेळ काय लिहिली आहे?

सचिव : रात्रीचे ७ वाजून ५० मिनिटे. सही त्यांचीच आहे.

बी-५०१ : मग त्या पानाचा फोटो यांना द्या आणि ती वही जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराची चारचौघांत बेअब्रूही करता येत नाही. मुलांसमोर आकडा ओरडून सांगणे यातच मोडते. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला शुल्क लागत नाही.

सचिव : फोटो पाठवतो. पुन्हा कोणी आले तर वॉचमन इंटरकॉमवर संबंधित सभासदाला विचारल्याशिवाय आत सोडणार नाही.

सी-२०३ : काकू, आज आठ वाजता ती पिशवी घेऊन येतो. सोबत पत्नीही येईल, तिला यातले निम्मे आजच कळले आहे.

बी-५०१ : या. पाकिटांवरचे टपालाचे शिक्के फाडू नका, नोटीस कधी हाती पडली याचा अंदाज त्यांवरूनच येईल आणि १५ दिवस त्या दिवसापासून मोजू.