नववीच्या वर्गात मोबाईल आणू द्यायचा का? मुलं ५४, फोन मोजकेच

नववी_ब, कळवा

नमस्कार. कळव्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, १४ वर्षं झाली. शाळेत मुलांच्या फोनला बंदी आहे, दप्तरात सापडला तर ऑफिसात जमा आणि पालकांनी येऊन न्यायचा. आता मॅनेजमेंटचं म्हणणं आलंय की पुढच्या टर्मपासून आठवड्यातून एक डिजिटल तास घ्या, मुलं घरून फोन आणतील आणि त्यावर शिकतील. मी वर्गात आधी साधी चौकशी केली, की शाळेच्या वेळात मोकळा असेल असा फोन कोणाच्या घरी आहे, कारण स्मार्टफोन घराघरात आहे पण तो बाबा कामावर नेतात नाहीतर दादा कॉलेजला. ५४ पैकी १९ हात वर आले, त्यात मुली ५. वर्गात मुली २६ आहेत.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. असर म्हणजे प्रथम संस्थेचा शिक्षणाचा सर्व्हे, त्याच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांमध्ये ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींमध्ये १९.८ टक्क्यांकडे. तो सर्व्हे ग्रामीण भागाचा, पण माझ्या वर्गात मला तेच दिसलं.

मी डिजिटलच्या विरोधात अजिबात नाही. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड मी स्वतः दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमध्ये स्कॅन करून बघते, काही व्हिडिओ चांगले आहेत. पण १९ मुलांच्या हातात फोन आणि ३५ मुलं शेजाऱ्याच्या खांद्यावरून बघतायत, हे दृश्य डोळ्यासमोर आलं की नको वाटतं. शाळेत प्रोजेक्टर आहे, त्याचा दिवा गेलाय. माझा स्वतःचा फोन आहे, साधाच अँड्रॉइड. कोणी खरोखर वर्गात काही करून बघितलं असेल तर सांगा, मोठ्या वर्गात आणि कमी साधनांत. खाजगी शाळेतल्या टॅबलेटचे अनुभव नकोत, ते आमच्या कामाचे नाहीत.

खाडीकाठ, ऐरोली

मॅडम, मुलांचे फोन मागवूच नका. तुमचा एक फोन पुरतो, मी सहा वर्षं तेच करतोय.

प्लिकर्स म्हणून एक ॲप आहे. त्याची ४० कार्डं फुकट डाउनलोड होतात, साध्या कागदावर प्रिंट काढायची. प्रत्येक कार्डावर वेगळी चौकोनी आकृती असते आणि चार कडांना बारीक अक्षरात ए बी सी डी लिहिलेलं असतं. तुम्ही फळ्यावर प्रश्न लिहायचा, मुलांनी आपलं उत्तर वरच्या कडेला येईल असं कार्ड धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. मुलाला शेजाऱ्याचं उत्तर कळत नाही कारण आकृती प्रत्येकाची वेगळी, आणि फोन फक्त तुमच्या हातात. तुमची मुलं ५४ आहेत तर वर्गाचे दोन गट करा किंवा दोघांत एक कार्ड द्या, मी दोघांत एकच देतो, कारण मग ती आधी आपापसात भांडतात की उत्तर बी का सी, आणि त्या भांडणात जे शिकतात ते माझ्या शिकवण्यातनं होत नाही.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइटचा उजेड पडला की कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही, जाड कार्डशीट बरी. आणि मुलांची नावं टाकू नका, हजेरी नंबर टाका, लहान मुलांची माहिती उगाच कुठल्या कंपनीकडे कशाला द्यायची.

दुसरं म्हणजे फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं ॲप आहे, फुकट आहे, नेट लागत नाही. फोनमध्ये जे सेन्सर असतात ते मोजमापाला वापरता येतात. नववीला ध्वनीचा धडा आहे ना, त्यात आवाजाचा वेग पाठ करायला लावतो आपण, तो मुलांना मोजायला लावा. दोन फोन लागतात, एक तुमचा आणि एक स्टाफरूममधून मागून आणा. ॲपमध्ये आवाजावर चालू-बंद होणारं स्टॉपवॉच आहे, ते दोन्ही फोनवर लावायचं आणि फोन ८-१० मीटर लांब ठेवायचे. पहिल्या फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू होतात पण लांबचं थोडं उशिरा. मग दुसऱ्या फोनजवळच्याने वाजवायची, दोन्ही बंद होतात पण आता पहिलं उशिरा. दोन घड्याळांच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला जाऊन यायला लागलेला वेळ. दुप्पट अंतर भागिले तो फरक, झाला वेग. १० मीटरवर फरक ०.०५८ सेकंदाच्या आसपास येतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच रिंग वाजली तरी घड्याळ सुरू होतं.

आणि जमलं तर मुलांना एकदा इकडे खाडीवर आणा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. सीक नावाचं ॲप पानाचा फोटो दाखवला की झाड ओळखायला मदत करतं आणि त्यात अकाउंट काढावं लागत नाही. तिवर म्हणजे खारफुटीचं झाड, त्याच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं की खारट लागतं, ती चव कुठल्याही ॲपमध्ये नाही, पण ते झाड तिवर आहे हे मुलांनी आधी स्वतः शोधलेलं असतं त्यामुळे ती विसरत नाहीत.

घोडबंदर_पालक

शिक्षक मंडळींना एका आईचं ऐकायचं असेल तर सांगते. माझा मुलगा आठवीत. त्याच्या शाळेने (नाव लिहीत नाही) मागच्या वर्षी फोन आणायला परवानगी दिली, 'फक्त प्रोजेक्टपुरता'. तीन महिन्यांत काय झालं तर गृहपाठ रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर येतो, मुलगा गृहपाठ बघायला फोन घेतो आणि अकरा वाजता मी तो हातातून काढून घेते, रोज. रोज भांडण. मी कामावरून आठला येते, मला मुलाशी त्या तीन तासांत भांडायचं नाहीये हो.

युनेस्कोचा २०२३ चा शिक्षण आणि तंत्रज्ञानावरचा अहवाल आहे, त्यात लिहिलंय की एकदा लक्ष दुसरीकडे गेलं की मुलाला परत अभ्यासात यायला २० मिनिटांपर्यंत लागू शकतात. शाळेचा तास असतो ३५ मिनिटांचा. फ्रान्सने २०१८ मध्येच १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला कायद्याने बंदी केली, तिकडे काय साधनांची कमी होती का?

खाडीकाठ सर, तुमची कार्डांची कल्पना मला मनापासून आवडली, कारण त्यात फोन मुलाच्या हातात नाही. हाच फरक मॅनेजमेंटला नीट समजावून सांगा. आणि नववी_ब मॅडम, तुम्ही हात वर करायला लावलेत ते नका करू पुन्हा. ज्याच्या घरी नाही त्याला ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. चिठ्ठीवर लिहून घ्या.

नववी_ब, कळवा

ताई, हात वर करण्याचं खरंच माझ्या लक्षात नाही आलं. बरोबर आहे तुमचं, यापुढे चिठ्ठी.

सर, एक शंका. आमची शाळा रेल्वे लाइनच्या अगदी जवळ आहे, गाडी गेली की मलाच बोलायचं थांबावं लागतं. ते आवाजाचं घड्याळ चालेल का?

खाडीकाठ, ऐरोली

चालेल. सेटिंगमध्ये किती मोठा आवाज झाला की सुरू व्हायचं ते ठरवता येतं, ती मर्यादा वाढवा. टाळीऐवजी दोन लाकडी डस्टर एकमेकांवर आपटा, आवाज तीक्ष्ण येतो. आणि दोन गाड्यांच्या मधे करा.

तिसरा_बाक, दिघा

मी शिक्षक नाही, टीवायबीएस्सीला आहे, पण दहावी मी आईच्या फोनवर केली म्हणून लिहितोय. आई चार घरची कामं करून संध्याकाळी सातला यायची, मग फोन माझ्या बहिणीला एक तास आणि मला एक तास, आणि डेटा संपलेला असायचा. व्हिडिओ बघणं परवडायचंच नाही. आमच्या गणिताच्या बाईंनी एक गोष्ट केली होती, त्या कठीण उदाहरण फळ्यावर सोडवताना स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायच्या आणि फळ्याचा एक फोटो, एवढंच ग्रुपवर टाकायच्या. चार-पाच मिनिटांचा आवाज, डेटा फारसा जायचा नाही. मी तो फोटो समोर ठेवून कानात त्यांचा आवाज ऐकत उदाहरण सोडवायचो, अडलं की थांबवायचो, परत ऐकायचो. वर्गात परत विचारायची मला लाज वाटायची, फोनवर बाईंना दहा वेळा विचारलं तरी त्या रागावत नव्हत्या, असं वाटायचं.

म्हणून माझं म्हणणं आहे की वर्गात मुलांच्या हातात फोन नसला तरी चालेल पण घरी जो तासभर मिळतो त्यात उघडेल असं काहीतरी द्या, आणि ते हलकं असू द्या. मोठे व्हिडिओ टाकले की ज्यांच्याकडे वायफाय आहे तेच बघतात. दीक्षामधला मजकूर आधी डाउनलोड करून नंतर नेटशिवाय बघता येतो हे पण कितीतरी मुलांना माहीत नसतं, एकदा वर्गात करून दाखवा प्लीज.

भूमितीवाले_काका, नौपाडा

३१ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. वरचं सगळं वाचलं, बरं वाटलं. थोडं माझं.

भूमितीच्या आकृत्या काढायचं जिओजेब्रा ॲप वापरा, पण कंपासपेटीच्या नंतर. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एका बिंदूत मिळतात हे मुलाने आधी वहीत तीन-चार त्रिकोण काढून बघायचं, एखादा त्रिकोण चुकेल, मध्यगा जुळणार नाहीत, रबराने कागद फाटेल. मग फोनवर तोच त्रिकोण ओढून वाकडातिकडा करून दाखवा, मध्यगा काही केल्या एकमेकींना सोडत नाहीत. ज्याने कागद फाडलाय त्यालाच त्यातलं नवल कळतं. उलट क्रमाने केलंत तर मुलं फक्त चित्र बघतात. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, विद्युत मंडल जोडायचं वगैरे, त्यांनाही माझा हाच नियम, आधी खरा सेल आणि खरा बल्ब.

आणि मॅनेजमेंटला उदाहरण हवं असेल तर आपल्याच जिल्ह्यातली शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा सांगा, डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नाव झालं तिचं. किंवा परितेवाडीचे डिसले गुरुजी, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला ते, पुस्तकात क्यूआर कोड घालायची कल्पना त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत राबवली. दोन्ही ठिकाणी सुरुवात शिक्षकाने केली. प्रोजेक्टरच्या दिव्याचा अर्ज लेखी द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

नववी_ब, कळवा

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, मधे युनिट टेस्ट होत्या.

कार्डं केली, दोघांत एक. पहिला प्रश्न अगदी सोपा वाटावा असा घातला: एक मुलगी घरून निघून कळवा स्टेशनला गेली, तिथून भाजी घेऊन परत घरी आली, तर तिचं विस्थापन किती? हा धडा मी शिकवून झाला होता, 'समजलं का' विचारल्यावर सगळा वर्ग 'हो बाई' म्हणाला होता. २६ कार्डं आली, त्यातली १८ चुकीची. निघाली तिथेच परत आली म्हणून विस्थापन शून्य, पण बहुतेकांनी जाण्या-येण्याचं अंतर धरलं होतं. मी फोनकडे बघत नुसती उभी राहिले. इतकी वर्षं त्या 'हो बाई'वर पुढचा धडा घेत आले. मग उत्तर न सांगता त्यांना पाच मिनिटं आपापसात बोलू दिलं, परत कार्डं वर करायला लावली, चुकीची राहिली ४. एरवी कधीही तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने शेजारणीला खडूने बाकावर बाण काढून समजावलं. तिच्या घरी फोन नाही.

तिसरा_बाक, तुझं वाचून रेकॉर्डिंग सुरू केलंय. तिघीजणींनी सांगितलं की रात्री आईसोबत बसून ऐकतात. हेडमास्तरांनी मुलांचे फोन मागवायचा विषय सध्या थांबवलाय आणि दिव्याचा अर्ज घेतलाय, लेखी.

आता ध्वनीचं. काल वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात केलं, ८ मीटर अंतर, डस्टर आपटून. गाड्यांच्या मधल्या वेळा मुलांनीच सांभाळल्या. पण वेगाचे आकडे असे आले, मीटर प्रति सेकंदात: ४१०, ३६४, ३९०, ३४०. मुलं विचारतायत की बाई पुस्तकातलं खरं का आपलं. मर्यादा वाढवली होती, एअरप्लेन मोडही होता. काय चुकलं असेल?

खाडीकाठ, ऐरोली

मॅडम, मुलं दोन फोनच्या मधल्या बाजूला उभी राहिली होती का? तसं असेल तर आवाजाने कापलेलं जास्तीचं अंतर ८ मीटरपेक्षा कमी पडतं आणि वेग जास्त दिसतो. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर आत उभे राहिले तर साधारण ४०० येतो, करून बघा. फोनच्या बाहेरच्या बाजूला, त्याच सरळ रेषेत उभं राहून डस्टर आपटायला सांगा, आणि टेप फोनच्या माईकपासून माईकपर्यंत लावा, तो बहुतेक खालच्या कडेला असतो. व्हरांड्यातलं तापमान पण लिहून घ्या. शून्य अंशाला आवाजाचा वेग ३३१ असतो, त्यात तापमानाच्या ०.६ पट मिळवायचे, ३२ अंशाला साधारण ३५० यायला हवा. पण हे त्यांना लगेच सांगू नका, ४१० वाला आणि ३४० वाला गट कुठे कुठे उभा होता ते आधी त्यांनाच आठवून जमिनीवर खडूने काढू द्या.